एका डावात एकच चाल परत

बाबांनी मला बुद्धिबळ शिकवलं तेव्हा पहिल्याच दिवशी एक नियम सांगून ठेवला होता. एका डावात एकच चाल परत मिळेल. कधी मागायची ते तू ठरव, पण एकदाच. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. सुरुवातीला चौथ्या-पाचव्या चालीलाच ती सवलत उडवून टाकायची आणि पुढे वजीर गेला की डोळ्यांत पाणी यायचं. मग हळूहळू लक्षात आलं, ती एक चाल शिल्लक आहे या आधारावर मी घोडा बिनधास्त पुढे घालते, आणि ती संपली की पटाकडे दुप्पट बारकाईने बघते. दोन्ही वेळी खेळायला मजा यायची, पण ती मजा वेगवेगळी होती.

परवा रात्री हे सगळं पुन्हा आठवलं. 'फायनल फँटसी टॅक्टिक्स' या डावपेचांच्या व्हिडिओ गेमची नवी आवृत्ती, 'दी इव्हॅलीस क्रॉनिकल्स', सुरू केली होती. १९९७ साली प्लेस्टेशनवर मूळ गेम आला तेव्हा डिफिकल्टी, म्हणजे खेळ किती अवघड हवा, हे विचारण्याची भानगडच नव्हती, सगळ्यांना एकच गेम. २०२५च्या या आवृत्तीत स्क्वायर, नाइट आणि टॅक्टिशियन असे सोप्याकडून अवघडाकडे जाणारे तीन पर्याय समोर येतात. मी कंट्रोलर हातात धरून त्या एका पडद्यावर पाऊण तास बसले. घरात सगळे झोपले होते, खेळायला जेमतेम दीड तास होता, आणि त्यातला निम्मा वेळ मी हेच ठरवण्यात घालवला. मला तो वेळ वाया गेला असं वाटत नाही. या प्रकारच्या गेममध्ये पुढचे पन्नास-साठ तास कसे जाणार, हे बऱ्याच अंशी त्या पडद्यावर ठरतं.

ज्यांनी हे गेम खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चौकोनांचा पट असतो, आळीपाळीने चाली असतात, उंची, झाडी, पाठीमागून हल्ला असं सगळं मोजायचं असतं. बुद्धिबळाशी नातं आहेच. फरक इतकाच की इथल्या प्रत्येक मोहऱ्याला नाव असतं, घरदार असतं, भीती असतात, आणि लढाईगणिक तो तयार होत जातो. प्यादं पडलं तर आपण पुढची चाल बघतो. पण वीस तास सोबत घालवलेला धनुर्धारी पडला, तर हात थांबतो.

म्हणूनच त्या सुरुवातीच्या पडद्यावर खरं तर दोन प्रश्न असतात आणि आपण त्यांना एकच समजून बसतो. एक, समोरचा शत्रू किती बळकट हवा? दोन, माझी चूक मला किती वेळा परत घेता यावी? पहिल्याला डिफिकल्टी म्हणतात, दुसऱ्याला बहुतेक ठिकाणी मोड. मी कितीतरी वर्षं पहिल्याचं उत्तर दुसऱ्यालाही लावत आले. आपल्याला जमतं म्हणून हार्ड, आणि हार्ड घेतलंच आहे तर मग मरण कायमचं असलेला मोडही घ्यायचा. तो घेतला नाही तर खेळ अर्धवट, अशी माझी पक्की समजूत होती.

ही समजूत 'फायर एम्ब्लेम' या गेममालिकेमुळे आली. १९९०च्या पहिल्या भागापासून या मालिकेची ओळखच ती, पडलेला माणूस परत येत नाही. २०१०मध्ये जपानमध्ये डीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आलेल्या एका भागात पहिल्यांदा 'कॅज्युअल' मोड आला, म्हणजे पडलेला सैनिक त्या लढाईपुरता बाद होतो आणि पुढच्या लढाईला हजर असतो. तो २०१२च्या 'अवेकनिंग'मधून जगभर पोचला. २०१५च्या 'फेट्स'मध्ये तर 'फीनिक्स' मोड होता, त्यात पडलेला पुढच्याच टर्नला उठून उभा! मला तेव्हा मनापासून वाईट वाटलं होतं. जीव वाचवण्यासाठी केलेली सगळी आखणीच यातून निघून जाते, असं मी मैत्रिणींशी तावातावाने बोलले होते. आज मी ते बोलणार नाही.

२०१९मध्ये याच मालिकेतला 'थ्री हाउसेस' आला. यात मठातल्या शाळेत एका वर्गाला शिकवत त्याच मुलांना लढाईत न्यायचं असतं. मी हार्ड आणि क्लासिक (म्हणजे मरण कायमचं) घेतलं, ब्लू लायन्सचा वर्ग निवडला. तिसऱ्या प्रकरणात धुक्यातली लढाई आहे. समोर लोनाटो नावाचा सरदार असतो, आणि आपल्या वर्गातल्या ॲश या मुलाला त्यानेच पोटच्या पोरासारखं वाढवलेलं असतं. दोघं समोरासमोर आले तर त्यांच्यात बोलणं होतं, आणि मला ते बोलणं ऐकायचंच होतं, म्हणून मी ॲशला पुढे ठेवलं. धुक्यात तीन-चार चौकोनांपलीकडचं दिसत नाही. ॲश मेला. या गेममध्ये 'डिव्हाइन पल्स' नावाची सोय आहे, वेळ मागे नेऊन आधीच्या चालीवर जाता येतं. त्या टप्प्यावर ती तीनदा मिळते. तिन्ही वापरल्या. शेवटी दुसऱ्याच एका मुलीचा जीव गेला आणि मी लढाई पहिल्यापासून सुरू केली. मग पुन्हा एकदा. चाळीस मिनिटांची लढाई मी दोन रात्री खेळत होते.

पुढच्या प्रत्येक लढाईत असंच झालं. कुणी पडलं की पल्स, पल्स संपले की रीलोड, म्हणजे आधीच्या सेव्हवरून पुन्हा सुरुवात. सहा-सात आठवड्यांनी गेम संपला तेव्हा माझ्या बाजूचं एकही माणूस मेलेलं नव्हतं. मला अभिमान वाटायला हवा होता, पण नुसता थकवा होता. आणि मग उमगलं, मी कॅज्युअलच खेळले होते. माणसं शेवटी जिवंतच राहणार हे ठरलेलं होतं, फक्त त्यासाठी मी प्रत्येक लढाई तीन-तीनदा खेळण्याची किंमत मोजली. शिवाय धाडस गेलं. सगळी फौज एकमेकांना खेटून कासवासारखी पुढे सरकायची, एकेका शत्रूला ओढून आणायचं, मारायचं, पुन्हा थांबायचं. ज्या मोडमुळे प्रत्येक चालीला वजन येतं म्हणून मी तो निवडला, त्याच मोडमध्ये माझ्या एकाही चालीला वजन नव्हतं, कारण कुठलीही चाल अखेरची नव्हती.

बाबांनी दहा चाली परत दिल्या असत्या तर मी बुद्धिबळ शिकलेच नसते.

दुसऱ्यांदा खेळताना मी उलटं केलं. गोल्डन डिअर हा दुसरा वर्ग, नॉर्मल, पण क्लासिक, आणि स्वतःपुरता नियम असा की पल्स जितके आहेत तितकेच, ते संपले की जे झालं ते झालं. रीलोड नाही. नॉर्मलबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. तिथे फुकटच्या जादा लढाया लढून हवं तेवढं लेव्हल वाढवता येतं, त्यामुळे अर्ध्या वाटेवरच शत्रू फारच दुबळा वाटायला लागतो. ते टाळायला मी जादा लढाया घेतल्याच नाहीत. तरी ग्रोंडरच्या मैदानावर, मधल्या टेकडीवरचा बॅलिस्टा, म्हणजे लांबवर बाण फेकणारं यंत्र, घेण्याच्या हट्टापायी मी इग्नाट्झला एकटं पुढे पाठवलं. तीन फौजा एकाच वेळी मैदानात असतात तिथे. तो पडला तेव्हा पल्स शून्य होते.

इग्नाट्झ हा चित्रं काढायची आवड असलेला, व्यापाऱ्याच्या घरातला मुलगा. राफाएल या धिप्पाड मित्राशी त्याचं एक जुनं दुखणं असतं. राफाएलचे आईवडील इग्नाट्झच्या घरच्यांच्या कामासाठी निघालेले असताना गेलेले असतात. दोघांचं त्यावरचं बोलणं थोडं थोडं करून उलगडतं. माझं ते अर्धवट राहिलं. नंतर मठात फिरताना राफाएल नेहमीच्या जागी उभा होता आणि त्याच्याशी बोलण्याजोगं ते एक माणूस नव्हतं. मी रीलोड केलं नाही. बटणावर अंगठा ठेवून बराच वेळ बसले होते, हे मात्र खरं. पहिल्या खेळातल्या लढाया मला आता एकमेकींत मिसळून आठवतात. या खेळातली ग्रोंडरची लढाई चौकोन न चौकोन आठवते.

(याच गेमला नंतर 'मॅडनिंग' नावाची सर्वांत वरची पातळी आली. शत्रूंची कुमक येते ती त्याच टर्नला हल्ला करते, म्हणजे आधी माहिती नसेल तर बचावच नाही. मी ती दोन प्रकरणं खेळून सोडली. पाठ करून खेळायच्या लढाया मला आवडत नाहीत. ज्यांना त्यातलं गणित सोडवण्यात आनंद मिळतो त्यांच्याबद्दल मला आदर आहे.)

आता शत्रूच्या बळाकडे येते, कारण इथे पडद्यामागे बरंच काही चालतं आणि ते माहीत असलं तर निवड सोपी होते. या प्रकारच्या गेममध्ये हल्ल्याआधी टक्के दिसतात, नेम लागण्याची शक्यता ९० टक्के वगैरे. २००२ साली गेम बॉय ॲडव्हान्सवर आलेल्या 'फायर एम्ब्लेम'च्या भागापासून मालिकेतल्या बऱ्याच गेममध्ये एकाऐवजी दोन फासे टाकले जातात आणि त्यांची सरासरी घेतली जाते. परिणाम असा की पडद्यावरचे ९० हे प्रत्यक्षात सुमारे ९८ असतात, ८० हे सुमारे ९२, आणि शत्रूचे १० हे जेमतेम २. आपल्या मनाला ९० म्हणजे 'लागणारच' असं वाटतं, आणि गेम मनाच्या त्या समजुतीकडे झुकतो. दहातून एकदा चुकणारा नेम आपल्याला अन्याय वाटतो, हे गेम बनवणाऱ्यांनी ओळखलं होतं.

'एक्सकॉम २' या दुसऱ्या मालिकेतल्या गेममध्ये तर हा झुकाव डिफिकल्टीलाच बांधलेला आहे. खालच्या पातळ्यांवर आपले नेम लागोपाठ चुकले की गेम गुपचूप आपली शक्यता वाढवतो. सर्वांत वरच्या 'लेजंड'वर हा आधार काढून घेतलेला असतो. म्हणजे वरची पातळी घेतली की शत्रू बळकट होतोच, शिवाय पडद्यावरच्या आकड्याचा अर्थही बदलतो. खालून वर गेलेल्या माणसाला एकदम सगळे नेम चुकू लागल्यासारखे वाटतात ते यामुळे. माझ्या भावाने याच कारणावरून तो गेम बंद करून ठेवला होता. हे समजल्यावर एक पातळी खाली येऊन त्याने तो आनंदाने पूर्ण केला. आधीच्या, २०१२च्या 'एक्सकॉम'मध्ये आणखी एक गोष्ट मला फार आवडली होती. चुकलेला नेम रीलोड करून पुन्हा तसाच धरला तर तो पुन्हा चुकतोच. फासे आधीच पडलेले असतात. वेगळा निकाल हवा तर वेगळी चाल शोधावी लागते. रीलोड करणाऱ्याला न रागावता विचार करायला लावणारा इतका सुंदर उपाय मी दुसरीकडे पाहिला नाही.

माझं मत खऱ्या अर्थाने बदललं ते 'ट्रँगल स्ट्रॅटेजी'मुळे. २०२२चा गेम. यात मरण कायमचं नाहीच, पडलेला माणूस पुढच्या लढाईला येतो. डिफिकल्टी खेळता खेळता केव्हाही बदलता येते. आणि लढाई हरलात तरी त्यात मिळवलेला अनुभव तुमच्याकडे राहतो. जुनी मी असते तर नाक मुरडलं असतं. मी हार्ड घेतलं, आणि कितीतरी वर्षांनी मोकळेपणाने लढले. ॲना नावाची हेर एका टर्नमध्ये दोनदा काहीतरी करू शकते, तिला मी शत्रूच्या पिछाडीला पाठवायचे. ती अर्ध्याअधिक वेळा पडायची. पण तिने ओढून नेलेल्या दोन सैनिकांमुळे इकडची खिंड लढवता यायची. क्लासिकमध्ये ही चाल माझ्या डोक्यातसुद्धा आली नसती.

या गेममध्ये एक लढाई आहे, कथा माहीत करून घ्यायची नसेल तर हा परिच्छेद सोडा. वुल्फोर्ट या आपल्याच गावावर ॲव्हलोरा नावाची सेनानी चालून येते. गावात आगीचे सापळे लावलेले असतात. ते पेटवले तर शत्रू होरपळतो आणि लढाई सोपी होते, पण लोकांची घरं जळतात. नाही पेटवले तर फार कठीण. डिफिकल्टीचा हा प्रश्न मेनूत नसून गावाच्या मधोमध, माणसांच्या देखत विचारलेला होता. मी सापळे पेटवायचे नाहीत असं ठरवलं आणि चार वेळा हरले. दर हारेनंतर माझी माणसं थोडी तयार झालेली असायची, आणि मीही. छपरांवर चढून तिरंदाज कुठे ठेवायचे, दारातली चिंचोळी जागा कोणी अडवायची, हे पाचव्या वेळी आपोआप सुचत गेलं. घरं वाचली. हार्ड आणि सौम्य मोड ही जोडी मला तिथे पहिल्यांदा मनापासून पटली. शत्रूकडून कसूर नको, आणि मला प्रयोग करून बघायची मुभा हवी, हे एकाच वेळी मागता येतं.

हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे सर्वांत स्वच्छ मांडलेलं मी 'बॅटल ब्रदर्स'मध्ये पाहिलं. तिथे लढाईची डिफिकल्टी वेगळी, पैशाअडक्याची वेगळी, सुरुवातीची शिल्लक किती हे वेगळं, आणि एकच सेव्ह असलेला आयर्नमॅन हा त्याहून वेगळा. भाडोत्री सैनिकांची टोळी चालवायची असते. मला लढाई अवघड चालते, पण पगार देता देता नाकी नऊ येणं सोसत नाही, म्हणून मी तसंच निवडलं. शिवाय तिथे पडलेला प्रत्येक जण मरतोच असं नाही. काही जण कायमची दुखापत घेऊन वाचतात. कोणाचा डोळा गेलेला, कोणाची बोटं. नेम कमी झालेला तो एकडोळ्या माणूस टोळीत ठेवायचा की निरोप द्यायचा? मरण आणि सुखरूप परतणं यांच्यामधली ही जागा किती गेम रिकामी सोडतात! मला वाटतं, सगळ्यांनी इकडे लक्ष द्यावं.

'बाल्डर्स गेट ३'बद्दल फार लिहीत नाही, तो प्रत्येकाने खेळलेला असतो. त्यातल्या टॅक्टिशियन या अवघड पातळीवर शत्रूंचे हिट पॉइंट, म्हणजे जीव, ३० टक्क्यांनी वाढतात आणि मुक्कामाला ४० ऐवजी ८० शिधा लागतो. मला शिध्याचा बदल जास्त आवडतो, कारण तो लढाईबाहेरही विचार करायला लावतो. २०२३च्या नोव्हेंबरअखेर त्यात 'ऑनर' मोड आला. एकच सेव्ह, आणि मोठ्या शत्रूंना जादा चाली. हरल्यावर तिथून पुढे साध्या पद्धतीने खेळत राहता येतं, फक्त ऑनरचा मान जातो. ही सोय फार माणुसकीची आहे. साठ तासांची गोष्ट एका चुकीच्या फाशाने पुसली जाऊ नये. मी त्यात फाशांची वाईट ओळ मोडून काढणारा 'कार्मिक डाइस' हा पर्याय बंद ठेवते. तो आपोआप चालू असतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

तर आता मी कशी निवडते? आधी स्वतःला विचारते, माणूस गेला तर मी खरंच पुढे जाणार आहे का? उत्तर 'नाही' असेल तर कायमच्या मरणाचा मोड घेत नाही आणि शत्रू एक पायरी वर ठेवते. 'हो' असेल तर शत्रू मधला ठेवते, कारण मग फाशाच्या एका लहरीवर नव्हे, माझ्या चुकीमुळे माणूस जायला हवा. किती चाली परत घ्यायच्या ते पहिल्या लढाईच्या आधी ठरवते आणि वहीत लिहिते. आणि डिफिकल्टी नंतर वर नेता येते का हे बघते. 'थ्री हाउसेस'मध्ये ती उतरवता येते, चढवता येत नाही, त्यामुळे तिथे शंका असेल तर वरून सुरुवात केलेली बरी. गोष्ट पहिल्यांदाच ऐकत असेन तर या सगळ्याला एक अपवाद, तेव्हा मी मधलीच पातळी घेते. गोष्टीची गती मोडू द्यायची नसते.

परवाच्या पाऊण तासानंतर मी नाइट घेतलं. वहीत लिहिलं, पडलेल्याला वाचवायला गेम देतो तेवढाच वेळ, त्यापुढे रीलोड नाही. मात्र रिओव्हेनेसच्या किल्ल्याआधी वेगळा सेव्ह. मूळ गेममध्ये तिथे लागोपाठच्या लढायांच्या मधे मी माझ्या एकमेव जागेवर सेव्ह केलं होतं, आणि एकट्या रामझाला, म्हणजे नायकाला, वीग्राफ या बलाढ्य शत्रूसमोर उभं राहायचं होतं, मागे फिरायला वाट नव्हती. ते एकदा झालं तेवढं पुरे.

काल रात्री गेममधल्या डॉर्टर या शहराला पोचले. सुरुवातीचीच लढाई, पण छपरावर तिरंदाज बसलेले असतात आणि खालून मांत्रिक. माझ्याकडची पहिली भरती झालेली मुलगी पडली. या गेममध्ये पडलेल्याच्या डोक्यावर तीनपासून उलटी गणती सुरू होते. शून्याच्या आत कोणी पोचलं तर ती उठते. पडलेल्याला उठवणारं 'फीनिक्स डाउन' ज्याच्याकडे होतं, तो माझा माणूस एक चौकोन मागे राहिला. तीन, दोन, एक. मग शरीराची एकतर पेटी होते नाहीतर स्फटिक. स्फटिक झाला. त्यावर जाऊन उभं राहिलं की विचारतात, स्वतःच्या जखमा भरून घ्यायच्या की तिने शिकलेलं शिकून घ्यायचं. रामझाचा जीव निम्म्याहून कमी राहिला होता आणि छपरावर अजून एक तिरंदाज होता.

मी शिकून घेतलं.